त्याच्या मनातलं

माझा नायक फारसा बोलत नाही. रागावला की गप्प होतो, दुखावला की गप्प होतो, आणि प्रेम अगदी ओठांशी आलं तरी गप्पच राहतो. नायिका त्याच्या ताटात वाढते, त्याच्या तोंडाकडे बघते, आत जाऊन डोळे पुसते. तो खिडकीबाहेर बघत बसलेला असतो. मग मी दोन-तीन ओळी लिहिते. त्याला तिचा हात धरायचा होता, पण लहानपणी आई सोडून गेल्यापासून कुणाचा हात धरायची भीतीच बसली होती, अशा काहीतरी. त्या ओळी ऐकून लोक हळहळतात. खाली बदाम येतात, रडके चेहरे येतात, कुणीतरी लिहितं की माझा नवरापण अगदी असाच आहे.

मी प्रेमकथा लिहिते. आधी तीन कादंबऱ्या पुस्तकरूपाने आल्या. लायब्रऱ्यांमध्ये फिरून फिरून त्यांच्या प्रती मऊ पडल्या. नंतर एका ऑडिओ अ‍ॅपसाठी मालिका लिहायला घेतली आणि ती अजून संपलेली नाही. करारात असं आहे की कथा त्यांची, लिहिणं माझं. मालिका ऐकली जाते तोवर ती चालू राहणार. सही करताना मला हे फार सुखाचं वाटलं होतं. लोक ऐकतायत तोवर लिहायचं, लेखकाला आणखी काय हवं?

आम्ही पंचवटीपलीकडे मखमलाबादला राहतो. सासरची गुलाबाची शेती, दोन पॉलिहाऊस, शेजारी पत्र्याची पॅकिंग शेड. हे ऐकून लोकांना फार गोड वाटतं. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात एक बाई म्हणाल्या, तुम्ही गुलाबातच राहता, म्हणून तुम्हाला असं सुचतं. मी त्यांना फवारणीच्या वासाबद्दल सांगायला लागले तेव्हा त्यांचं लक्ष उडालं. माझ्या कथेत कुणी कुणाला गुलाब देत नाही. ते मला जमतच नाही. हातात गुलाब आला की मी आधी दांडीची लांबी बघते. त्याच कार्यक्रमात एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं होतं, गंभीर लेखन कधी करणार? मी हसून वेळ मारून नेली. स्कूटरवरून घरी येताना मात्र द्वारका चौकाच्या गर्दीत अडकून पडले होते आणि तो प्रश्न हेल्मेटच्या आत माझ्याबरोबर अडकला होता.

खरं सांगायचं तर अबोल माणूस मी कधी जवळून पाहिलेला नव्हता. माझे वडील कचेरीत कारकून होते आणि घरी आल्यावर वर्तमानपत्राशी मोठ्याने भांडायचे. नवरा तर झोपेतसुद्धा भावाची चौकशी करतो, म्हणजे फुलांच्या भावाची. त्यामुळे न बोलणारा, आत खोल काहीतरी साठवून ठेवणारा पुरुष मी पूर्णपणे मनाने रचला होता, आणि रचलेला होता म्हणूनच त्याच्या आत मला हवं ते भरता येत होतं.

एका वर्षी दसरा झाल्यावर माझी नणंद घरी आली. वयाने माझ्याएवढीच, पण नात्याने ताई. ती लांब डोंगराकडे, हरसूलला राहायची. तिचा नवरा तिकडे शाळेत शिक्षक होता आणि शाळेच्याच क्वार्टरमध्ये त्यांचं बिऱ्हाड होतं. ती एसटीने आली, एक बॅग आणि पिशवीत हरसूलच्या बाजारातली नागली घेऊन. सासूबाईंना वाटलं, चार दिवस राहायला आली आहे. दुसऱ्या आठवड्यात तिने हिवाळ्याचे कपडे बॅगेतून काढून कपाटात लावले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मारहाण, दारू, दुसरी बाई, असं काही नव्हतं. सासूबाईंनी आडून आडून सगळं विचारून घेतलं आणि यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांना ताईचाच राग आला. ताई एवढंच म्हणाली की तो बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, बोलत नाय हे काय कारण झालं?

ताई सकाळी माझ्याबरोबर शेडमध्ये फुलांच्या गड्ड्या बांधायला यायला लागली. तिचा हात लहानपणापासूनचा, माझ्यापेक्षा चपळ. काम करताना ती कानात इयरफोन घालायची. गाणी ऐकत असेल असं मला वाटायचं. एके दिवशी तिने एका कानातला काढला आणि विचारलं, "वहिनी, याला तुम्ही बोलतं कधी करणार?"

ती माझीच मालिका ऐकत होती. हरसूलला असतानाही रोज ऐकायची, स्वयंपाक करताना, भांडी घासताना. मला हे माहीत नव्हतं. घरात माझ्या लिहिण्याला "तिचं ते कॉम्प्युटरचं" म्हणतात आणि त्यात कुणी शिरत नाही, म्हणून मी जरा हरखले. कथेत तेव्हा त्याचा अबोला चालू होता. मी म्हटलं, अजून बरेच दिवस नाही. अ‍ॅपवाल्यांनीच तसं सांगितलंय, तो गप्प असला की ऐकणारे वाढतात.

ती हसली. फुलांना रबर लावता लावता तिने जे सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिल्यांदा तो बोलायचा थांबला तो एका चादरीवरून. आठवड्याच्या बाजारात तिने त्याला न विचारता चादर घेतली होती. त्याने काही म्हटलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. कितीतरी दिवस. शाळेत दिवसभर मुलांशी बोलायचा, शेजारच्या सरांशी ओट्यावर गप्पा मारायचा, आणि दारात पाऊल टाकलं की बंद. पाणी हवं असलं की रिकामा ग्लास टेबलाच्या कडेला आणून ठेवायचा. एक दिवस आपणहूनच पुन्हा बोलायला लागला, जणू मधे काही झालंच नव्हतं. ती चादरही तो पांघरायचा. नंतर पुन्हा, कधी तिच्या हसण्यावरून, कधी कशावरून ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने माफी मागून बघितली, भांडून बघितलं, रडून बघितलं. शेवटी शेवटी तिला ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला तरी धडधडायचं.

मी म्हटलं, ताई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?

तिने हातातली गड्डी पाण्यात ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या कथेतला गप्प बसला की त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्ही सांगता. मला कोण सांगणार होतं? मग मीच तुमच्या ओळी घ्यायचे. त्यांना वाईट वाटलंय, त्यांना बोलायचंय, पण जमत नाहीये. असं म्हणत म्हणत मी वर्षं काढली."

"आणि खरं काय होतं?"

"काय माहीत. काहीच नसेलही. क्रिकेटचा विचार करत असतील."

ती हे चिडून म्हणाली नाही. तिच्या आवाजात माझ्यावर ठपका असा नव्हता, आणि असता तर मला उत्तर देता आलं असतं. ही नुसती कथा आहे, कथेवर कुणी संसार करतं का, असं काहीतरी. पण तिने ठपका ठेवलाच नाही. तिने पुढची फुलं ओढली आणि आम्ही कामाला लागलो.

त्या दिवशी दुपारी मी लिहायला बसले आणि अडले. माझी लिहायची वेळ दुपारची. माल पंचवटीच्या फूलबाजारात गेलेला असतो, नवरा द्वारकेला ट्रान्सपोर्टवर बॉक्स टाकायला गेलेला असतो, सासूबाई आडव्या झालेल्या असतात. मी "त्याच्या मनात" एवढे दोन शब्द लिहिले आणि पुढे काही येईना. एरवी याच शब्दांनंतर माझा हात सुटायचा. कितीही थकलेली असले तरी त्याच्या मनातलं लिहायला मला कधी विचार करावा लागला नव्हता. आता मला त्या दोन शब्दांनंतर क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसायचं आणि टेबलाच्या कडेला ग्लास.

रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं, तुम्ही कधी माझ्याशी बोलायचं थांबला होतात का? तो ठिबकच्या नळ्यांबद्दल काहीतरी सांगत होता, ते थांबवून त्याने मनापासून विचार केला. म्हणाला, "घसा बसला होता तेव्हा." आणि पुन्हा नळ्यांकडे वळला.

काही दिवस मी जुन्या युक्त्यांवर भागवलं. नायिकेच्या मैत्रिणीचं लग्न काढलं, नायकाच्या आत्याला आजारी पाडलं. मग टाळता येईना. अबोल्याचा मुख्य भाग लिहायचाच होता. तेव्हा मी एक गोष्ट करून बघितली. तो गप्प बसलेला आहे, ती समोर आहे, ती विचारते, तो उत्तर देत नाही, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मी सांगितलंच नाही. भाग तसाच संपवला. लिहून झाल्यावर वाचला आणि मला भीती वाटली. इतकी वर्षं मी लोकांना ज्याच्यावर एवढं प्रेम करायला लावलं, तो माणूस त्या पानावर नुसता एक बसलेला माणूस होता.

मी तो भाग पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपच्या संपादिकेचा फोन आला. पुण्यात बसते, पंचविशीची मुलगी, अतिशय गोड बोलते.

"मॅम, भागात त्याच्या मनातलं टाकायचं राहिलंय बहुतेक."

मी म्हटलं, राहिलं नाही, लिहिलंच नाही.

मग तिने समजावलं, की त्याशिवाय तो चुकीचा वाटतोय. मी विचारलं, असेल चुकीचा तर? ती म्हणाली, "मॅम, लोकांनी त्याला इतके दिवस जीव लावलाय. आता तो तसा निघाला तर त्यांना स्वतःचीच लाज वाटेल. असं नको ना करायला त्यांना."

तिचं म्हणणं मला पटलं, हीच पंचाईत होती. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ताईच होती. ही मुलगी कारखान्यासारखं बोलत असती तर मी भांडले असते. पण ती ऐकणाऱ्या बायकांच्या बाजूने बोलत होती आणि मलाही तेच वाटत होतं की मी त्यांच्याच बाजूने आहे. शेवटी ती काळजीने म्हणाली, की तुम्ही दमला असाल तर थोडी सुट्टी घ्या, आमची टीम आहे, मधले भाग ते लिहितील. नाव तुमचंच राहील. तिला ती सवलत वाटत होती.

म्हणजे मी लिहिलं नाही तरी तो माझ्या नावाने गप्प बसणार होता, आणि कुणीतरी तिसरंच त्याच्या मनातलं सांगणार होतं. मी संध्याकाळपर्यंत ओळी घातल्या. चांगल्या उतरल्या. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग तोच होता.

तो भाग आला त्या सकाळी ताई शेडमध्ये माझ्या समोर बसून ऐकत होती. मी काम करत असल्यासारखं दाखवत तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. संपल्यावर तिने दोन्ही कानांतले काढले आणि वायर बोटांभोवती गुंडाळली.

"घातल्यात वाटतं ओळी," ती म्हणाली.

मी म्हटलं, घालाव्या लागल्या.

तिने मान हलवली आणि रबरांची पिशवी माझ्याकडे सरकवली. त्यानंतर ती काम करताना काही ऐकायची नाही. मला बाहेरून हजारो लोक ऐकत होते असं अ‍ॅपवर दिसायचं, आणि घरातली एक ऐकणारी कमी झाली ते मलाच दिसायचं.

दिवाळी उलटल्यावर जावई तिला न्यायला आले. बरोबर त्यांचे मामा होते, मामांच्याच गाडीतून आले. सासूबाईंनी पोहे केले, शिरा केला. बैठकीत सगळं बोलणं मामांनीच केलं. क्वार्टरचं छत दुरुस्त झालंय, बदली जवळ होईल असं दिसतंय, मुलीच्या जातीने एवढं ताणू नये, वगैरे. माझ्या नवऱ्याने फुलांचा बाजार कसा आहे ते सांगून घेतलं. जावई खुर्चीच्या हातावर चिकटलेला स्टिकर नखाने खरवडत होते. मी त्यांना इतकं नीट पहिल्यांदाच बघत होते. साधे, स्वच्छ इस्त्रीचे कपडे, शिक्षकाचा पेन खिशाला. वाईट माणसाचं काही चिन्ह त्यांच्यावर नव्हतं.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ताई मोरीजवळ उभी होती, आमच्याकडे पाठ करून कप विसळत होती. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांग तिला. त्याच्या मनात लय हे, पण बोलता येत नाय बिचाऱ्याला. तुला चांगलं सांगता येतं."

मला खरंच येत होतं. दारातून जावई दिसत होते, मान खाली, नख स्टिकरवर, आणि माझ्या डोक्यात ओळी तयार होत्या. त्यांनी हरसूलपासून येताना गाडीत सगळं मनाशी घोकलं होतं. उंबरा ओलांडला आणि सगळे शब्द विसरले. त्यांना लाज वाटत होती आणि लाजेचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला या ओळी शोधाव्या लागल्या नाहीत, आणि त्या खऱ्याही असतील. मला आजही माहीत नाही. ताईची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिने नळ बंद केला होता.

मी म्हटलं, "आई, त्यांच्या मनातलं मला कसं कळणार? त्यांनाच विचारू."

सासूबाईंनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "मंग एवढं लिहिती ते कसं लिहिती?"

मला वाटतं, माझ्या लिहिण्याबद्दल त्यांनी विचारलेला हा एकमेव प्रश्न. तो प्राध्यापकांच्या प्रश्नासारखा हसून टाळता आला नाही.

तेवढ्यात ताईने चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर नेला. ट्रे तिपाईवर ठेवला, पण कप कुणाला दिले नाहीत. जावयांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"मी परत यावं असं तुम्हाला का वाटतं, तेवढं सांगा," ती म्हणाली. "मामांनी नको. तुम्ही."

चहाची वाफ वर येत होती. माझ्या नवऱ्याला शांतता सोसत नाही. तो "अहो, भाऊजी" म्हणून काहीतरी सुरू करायला गेला तर ताईने त्याच्याकडे न बघताच हात आडवा केला. बराच वेळ गेला. जावयांनी स्टिकर खरवडायचं थांबवलं.

"आलोय ना घ्यायला," ते म्हणाले.

ताई थांबून राहिली. आणखी काही येईल म्हणून आम्ही सगळेच थांबलो होतो. ते मामांकडे बघू लागले. मामा म्हणाले, बघ, आलाय ना तो एवढ्या लांबून.

"मी येत नाही," ताई म्हणाली. शांतपणे, कप उचलून त्यांच्या हातात देत. त्यांनी तो घेतला. सगळ्यांनी चहा प्यायला. मामांनी शिऱ्याचं कौतुक केलं, आणि मग गाडी गेली.

सासूबाई पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा अबोला मात्र वाचता येत होता. भांडी आपटायच्या, भाजीत मीठ आहे का ते मला सोडून सगळ्यांना विचारायच्या. संक्रांतीला तिळगूळ देताना बोलल्या आणि ते संपलं.

ताई उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे होती. मग तिने शहरात मंगल कार्यालयांची फुलांची सजावट करणाऱ्या एका बाईंकडे काम धरलं आणि पंचवटीत एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. फुलं आमच्याकडूनच नेते, भावाशी दरावरून हुज्जत घालते. वकिलाकडे एकदा जाऊन आली, पुढचं अजून चालू आहे. ती बाहेर पडली तेव्हा मला तिचा हेवा वाटला, हे मी कुणाला सांगितलं नाही. मी माझ्या घरात सुखी आहे. ज्या खोलीतून मला बाहेर पडायचं होतं त्या मालिकेला दार कुठे आहे ते मला सापडत नव्हतं.

मधे एकदा ती फुलं न्यायला आली तेव्हा तिने मोबाईल दाखवला. जावयांनी एक फोटो पाठवला होता. क्वार्टरच्या ओट्यावर तिने डब्यात लावलेलं मिरचीचं रोप, त्याला मिरच्या धरलेल्या. खाली एक शब्द नव्हता. ती म्हणाली, "आता याचं काय समजायचं?" मी फोटो मोठा करून बघितला. रोपाला कुणीतरी काडीचा आधार देऊन दोरा बांधला होता. मी तोंड उघडलं.

"नका सांगू," ती म्हणाली, आणि मोबाईल परत घेतला.

त्यानंतर मी मालिकेचा शेवट लिहिला. कुणी मागितला नव्हता. त्यात नायिका त्याला एकदाच विचारते, थांबते, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर चप्पल घालून निघते. तो काय विचार करतो ते मी लिहिलं नाही. ती रस्त्यावर येते, रिक्षा थांबवते, कुठे जायचं ते रिक्षावाल्याला नीट सांगते. एवढंच. इतक्या वर्षांत मला पटलेला असा तो एकच भाग असेल. संपादिकेला पाठवला आणि तिच्या फोनची वाट बघत बसले.

तिला फारच आवडला. ती म्हणाली, रिक्षाच्या जागी तिच्या अंगावर काटा आला. टीममध्ये सगळ्यांनी वाचला.

"मॅम, आपण हे तिचं स्वप्न म्हणून घेऊया ना," ती म्हणाली. "भागाच्या शेवटी ती दचकून उठेल."

तिला वाटलं नेटवर्क गेलं. दोनदा हॅलो हॅलो म्हणाली, मग मी हो म्हटलं. पुढचा भाग शुक्रवारपर्यंत हवा होता. नायिका जागी होते, तिथून सुरू करायचा. जेवणं झाली, सासूबाई आडव्या झाल्या, आणि मी लिहायला बसले.